स्पर्धा नंतर, आधी बळ्ळारी नाला

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा मिळाल्याचं २६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोत जाहीर झालं आणि आपल्याकडच्या उत्साही मंडळींना नवं खूळ लागलं. २०३६ चं ऑलिम्पिकही येणार म्हणतात, मग पुणं मागे का, गोवा मागे का, असं करत करत गाडी बेळगावपर्यंत येते. सांबऱ्याला विमानतळ आहे, पुणे-बंगळूर महामार्ग दारातून जातो, हवा थंड, घाट उतरलं की गोवा. एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा, निदान तिचा एखादा तुकडा, इथे का आणू नये? रस्ते होतील, हॉटेलं भरतील, पोरांच्या हाताला काम मिळेल, जगात नाव होईल. बेळगावातल्या वडगावात मागाच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या माणसाला हे ऐकायला गोड लागतं. पण यातलं जवळपास एकही विधान हिशेबाला टिकत नाही आणि ते का टिकत नाही हे पाहायला ग्लासगोला जावं लागत नाही.

मोठा कार्यक्रम भरवणं बेळगावला नवं आहे का? दर हिवाळ्यात आपण एक भरवतोच. हलगा-बस्तवाडजवळ सुमारे ४०० कोटी खर्चून सुवर्ण विधानसौध बांधलं, ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे ते दहा-बारा दिवस हॉटेलात खोली मिळत नाही, भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत, निम्मे रस्ते बंद. मंत्र्यांच्या ताफ्याच्या वाटेवर डांबराचा हात फिरतो. अधिवेशन संपलं की ती भव्य इमारत बाकीचं वर्ष काय करते? २०२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका रोजंदारीवरच्या बाईने इमारतीपुढे शेवया वाळत घातल्या, त्याचा फोटो सगळीकडे फिरला आणि बिचारीचं काम गेलं. पुढे ओरड झाल्यावर तिला परत घेतलं. मला विचाराल तर त्या वास्तूचा वर्षातला सर्वांत उपयोगी वापर त्या दिवशी झाला होता. नंतर काही सरकारी कार्यालयं तिथे हलवली, म्हणजे बांधून झाल्यावर वापर शोधावा लागला. आधी बांधायचं आणि मग उपयोग हुडकायचा, ही रीत आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या स्टेडियमांची जगभर आहे. आपण तिची छोटी आवृत्ती रोज बघतो.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर वजनदार आहे. ते म्हणतात, एरवी वीस वर्षं रखडणारी कामं स्पर्धेमुळे तीन वर्षांत होतात. तारीख पक्की असते, जगाचं लक्ष असतं, अधिकाऱ्यांना झोप येत नाही. पुण्याचं ताजं उदाहरण आहेच. जानेवारी २०२६ मध्ये तिथे ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ४३७ किलोमीटरचा मार्ग, परदेशी संघ, आणि त्या मार्गावरचे रस्ते झटक्यात गुळगुळीत. सामान्य पुणेकराने तेव्हा एकच प्रश्न विचारला: हे रस्ते आमच्यासाठी का होत नव्हते? प्रश्न बिनतोड आहे. पैसा होता, यंत्रं होती, ठेकेदार होते, डांबर होतं. नव्हती ती इच्छा. पाहुणा येणार म्हणून जी महापालिका जागी होते ती पाहुणा गेल्यावर पुन्हा झोपते. शिवाय ती मार्गापुरतीच जागी झालेली असते, शेजारच्या गल्लीतला खड्डा शर्यतीच्या नकाशात नसतो. स्पर्धेमुळे रस्ते झाले असं जो अभिमानाने सांगतो तो आपल्या कारभाऱ्यांवर किती मोठा आरोप करतो आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

आणि पक्क्या तारखेचा तो धाक दुधारी असतो. तारीख हलवता येत नाही हे अधिकाऱ्याला माहीत असतं तसं ठेकेदारालाही माहीत असतं. वडगावच्या कुठल्याही घरमालकाला विचारा. लग्नाची तारीख धरून घराला रंग काढायला घेतला की मजुरीचा दर कोण ठरवतो? दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांवर कॅगचा अहवाल २०११ मध्ये आला. त्यात हेच दिसतं: सुरुवातीची वर्षं वाया घालवली, मग घाई झाली, आणि घाईचं कारण दाखवून निविदांचे नेहमीचे नियम बाजूला ठेवले. एकूण खर्चाचा आकडा १८,५३२ कोटी. स्पर्धा तोंडावर आलेली असताना जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळून मजूर जखमी झाले. विमानतळाची मेट्रो, जी पाहुण्यांसाठी म्हणून होती, ती पाहुणे घरी गेल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. म्हणजे धाकाने कामं वेळेत होतात हेही धड खरं नाही.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल, तो भ्रष्टाचाराचा प्रश्न, स्पर्धेचा नव्हे. संयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी होते, त्यांना २०११ मध्ये अटक झाली. पण ईडीच्या प्रकरणात न्यायालयाने २०२५ मध्ये क्लोजर अहवाल स्वीकारला. चला, तेही घेऊ. एका पैशाची चोरी झाली नाही असं क्षणभर धरून चालू. तरीही १८,५३२ कोटी गेलेच ना? कुणाच्या खिशात गेले हा पोलिसांचा प्रश्न. आपला प्रश्न असा की तेवढ्या पैशात दुसरं काय झालं असतं. चोर पकडला की स्पर्धा फायद्यात येते, हा समज आपल्याकडे उगाच रुजला आहे.

चोख कारभाराच्या देशांतही आकडे फुगतातच. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी १९६० पासूनच्या ऑलिम्पिकचे हिशेब तपासले. ज्यांचे आकडे मिळाले त्यांतलं एकही मूळ अंदाजात बसलेलं नव्हतं. मॉन्ट्रियलची गोष्ट तर निपाणीकरांनी मुद्दाम वाचावी. तिथल्या महापौरांनी १९७६ च्या ऑलिम्पिकआधी छातीठोकपणे सांगितलं होतं की पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य तितकंच ऑलिम्पिकला तूट येणं अशक्य. तूट आली, आणि कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. फेडलं कुणी? क्यूबेक प्रांताने सिगारेटवर खास कर बसवला. तीस वर्षं तिथला विडी-सिगारेट ओढणारा माणूस प्रत्येक पाकिटामागे एका स्टेडियमचा हप्ता भरत होता. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये रस्ता अडवून बसलेल्या निपाणीला कर कुठून कुठे जातो हे वेगळं शिकवायला नको.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद घेतलं होतं. खर्चाचा अंदाज २.६ अब्ज डॉलरवरून ६ अब्जांच्या पुढे जायला लागल्यावर जुलै २०२३ मध्ये त्यांनी सरळ हात वर केले आणि ३८ कोटी डॉलर भरपाई देऊन मोकळे झाले. पुढच्याच महिन्यात कॅनडातल्या अल्बर्टाने २०३० ची तयारी सोडली. त्याआधी २०२२ च्या स्पर्धा डर्बनकडून काढून घ्याव्या लागल्या होत्या. ग्लासगोने २०२६ ची जबाबदारी घेतली ती फक्त दहा खेळांवर, आहे त्या मैदानांत. श्रीमंत गावांनी एकामागून एक परत केलेलं ताट आपल्यापुढे आलं आहे आणि आपण फटाके उडवतो आहोत. ते का परत केलं एवढं तरी विचारायला नको?

आता फायद्याचा भाग. पाहुणे येतात, पैसे खर्च करतात, हे खोटं नाही. प्रश्न पैसे पडतात कुणाच्या ओंजळीत हा आहे.

आपल्या वडगावची मंगाई यात्रा बघा. आषाढात गाव, शहर, खेडी सगळी लोटतात. नारळवाला, फुलवाला, ओटीचं सामान विकणारी बाई, खेळणी, पाळणे, भजी, उसाचा रस, बांगड्या. रस्त्याच्या कडेला चार फूट जागा मिळाली की त्याचा धंदा सुरू. कुणी कंपनीने हक्क विकत घेतलेले नसतात, कुणाचा बिल्ला लावावा लागत नाही. बाहेरचा पाहुणाही आपल्याच कुणाच्या तरी घरी जेवतो. त्या दिवशी आलेला पैसा दुसऱ्या दिवशी वडगावच्याच किराणा दुकानात असतो. गर्दीचे, कचऱ्याचे हाल होतात, ते आपण भोगतो. पण मिळकतही इथेच राहते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिली गदा याच माणसावर येते. दिल्लीत २०१० च्या आधी फेरीवाले आणि भिकारी हटवले गेले, झोपड्या पडद्याआड गेल्या. दक्षिण आफ्रिकेत २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात स्टेडियमच्या भोवती फिफाचे ठरावीक पट्टे होते, तिथे वर्षानुवर्षं बसणाऱ्या विक्रेत्यांना जागा नव्हती. आत विकायचं ते प्रायोजकाचं. प्रक्षेपणाचा पैसा आयोजक संस्थेचा, पेयाचा पैसा पेयाच्या कंपनीचा, आणि सुरक्षेचं बिल मात्र यजमानाचं. पर्यटक वाढतात म्हणावं तर २०१२ च्या ऑगस्टमध्ये, ऐन ऑलिम्पिकच्या महिन्यात, ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा घटली. गर्दीला आणि महागाईला भिऊन नेहमीचा प्रवासी फिरकला नाही. आलेल्यांनी खर्च जास्त केला हेही सांगायला हवं. पण तो खर्च खेळाच्या तिकिटांवर आणि महागड्या खोल्यांवर, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे नव्हे.

आणि मग उरतं स्टेडियम. त्याचा इतिहास आपल्या अवतीभवतीच आहे. पुण्याचं बालेवाडी संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी त्याच्यावर पुन्हा खर्च झाला. जून २०२१ मध्ये तिथे बैठकीला आलेल्या बड्या नेत्यांच्या गाड्या थेट धावपट्टीवर लावल्या गेल्या, ज्या सिंथेटिक पट्टीवर धावपटूने कुठले बूट घालावेत याचेही नियम असतात तिच्यावर. ओरड झाली, क्रीडा आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली. चूक त्या ड्रायव्हरची नव्हती. ज्या मैदानावर रोज पोरं धावत असतात तिथे गाडी घालायची हिंमत कुणाला होत नाही. पुण्याजवळच गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम आहे. कर्जाचे जवळपास ७० कोटी थकल्यावर २०१८ मध्ये बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला होता. त्याच मैदानावर २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने झाले. जग टीव्हीवर बघत होतं ते हिरवं गवत. बँकेची नोटीस कॅमेऱ्यात येत नाही.

चोर्ला घाट उतरून गोव्यात जा. आपली भाजी रोज तिथे जाते, त्यामुळे वाट माहीत आहे. पोर्तुगीजभाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा तिथे नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हायच्या होत्या, मैदानं तयार नव्हती म्हणून जानेवारी २०१४ वर गेल्या. त्या निमित्ताने ताळगावात उभं राहिलेलं श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम नंतर मेळावे, समारंभ यांच्या कामी आलं. २८ मार्च २०२२ ला मुख्यमंत्र्यांचा शपथविधी तिथेच झाला. छप्पर चांगलं आहे, खुर्च्या आहेत, पार्किंग आहे. एवढ्या पैशात मंगल कार्यालय बांधायचं असेल तर तसं सांगून बांधावं. दिल्लीच्या नेहरू स्टेडियमचं तर विचारूच नका. १९८२ च्या आशियाईसाठी बांधलं, २०१० साठी शेकडो कोटी ओतून नवं केलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पाडून तिथे स्पोर्ट्‌स सिटी करायचा प्रस्ताव पुढे आला.

मग कधीच काही चांगलं होत नाही का? होतं. लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक टाकली. कारण त्या वर्षाचं यजमानपद मागायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं, त्यामुळे अटी शहराने घातल्या आणि १९३२ चंच स्टेडियम वापरलं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना संघात होती. सामना झाला तो आधीपासून असलेल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. अशा स्पर्धेला माझा काडीचा विरोध नाही. आहे त्या मैदानात या, खेळा, टाळ्या घ्या.

खुद्द बेळगावातलंही एक उदाहरण या बाजूला मांडता येईल. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, तेव्हा पाण्यासाठी विहीर खोदली. तंबू गेले, मंडप गेला, तात्पुरतं रेल्वे स्टेशन गेलं. काँग्रेस विहीर शंभर वर्षांनी जागेवर आहे. अधिवेशनाचे संयोजक गंगाधरराव देशपांड्यांच्या मंडळींनी कायम राहील असं जे केलं ते गावाला पाहुण्यांशिवायही लागणारं होतं, आणि बाकी सगळं उचलून नेता येईल असं केलं. इतका साधा नियम आजच्या सल्लागार कंपन्यांच्या शेकडो पानी अहवालात सापडत नाही.

खेळ वाढतो म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे की बेळगावचा खेळाडू घडला कसा. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या हॉकी संघातले बंडू पाटील इथले. तेव्हा बेळगावात कुठली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती? तुरमुरीची मलप्रभा जाधव, शेतकऱ्याची पोर, बेळगावच्या ज्युदो केंद्रात रोज घाम गाळून २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत कुराश या कुस्तीप्रकारातलं कांस्य घेऊन आली. तिला लागली ती मॅट, प्रशिक्षक, राहायची-जेवायची सोय आणि रोजचा सराव. जागतिक दर्जाचा सामनाही इथे झाला आहे, पण तो कुणाच्या स्मरणात नाही. जून २०१९ मध्ये श्रीलंका ‘अ’ विरुद्ध ऋतुराज गायकवाडने नाबाद १८७ केल्या त्या आपल्या ऑटोनगरच्या मैदानावर. चांगली गोष्ट आहे, मैदान राहू दे, सामने होऊ देत. पण त्या खेळीने वडगावच्या किती पोरांच्या हाती बॅट आली? आणि आंतरराष्ट्रीयच हवं असेल तर सीमाभागातल्या आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या कुस्ती मैदानांत इराणी मल्ल उतरतात. लाल माती, वर्गणी, बक्षिसाची ढाल, हलगीचा ठेका. सरकारी तिजोरीला हात न लावता माणसं झाडावर चढून बघतात.

दिल्लीत २०१० ला भारताने १०१ पदकं मिळवली हे खरं, आणि त्याचा दाखला नेहमी दिला जातो. ती आली खेळाडूंच्या तयारीवर वेगळा पैसा खर्च झाला म्हणून. तो पैसा पुन्हा द्या, दरवर्षी द्या. त्यासाठी पूल बांधून पाडायची गरज नाही.

सगळ्यात शेवटी जमीन, कारण वडगावात कुठलीही चर्चा फिरून तिथेच येते. स्पर्धेला मैदानं, खेळाडूंचं गाव, पार्किंग, रुंद रस्ते लागतात. बेळगावात एवढी सपाट जागा कुठे आहे? शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात. जिथे बासमती पिकतो, वर्षाला दोन-तीन पिकं निघतात. हलगा-मच्छे बायपासच्या नावाखाली याच शिवाराचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतो आहे, आणि २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रं घातली गेली. तो तर एक रस्ता होता. ‘देशाच्या प्रतिष्ठेची स्पर्धा’ म्हटलं की विरोध करणारा शेतकरी एका रात्रीत देशद्रोही ठरेल, स्थगिती मागायला गेला तर तारीख जवळ आली म्हणून ऐकून घेणार नाहीत. उरलेल्या शिवारात दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरतं, भात कुजतं, दुबार पेरणी होते. नाल्यातला गाळ काढा, काठ बांधा, वाटेतली अतिक्रमणं हटवा, ही मागणी इतकी जुनी आहे की निवेदनाची झेरॉक्स तीच वापरतात, फक्त तारीख बदलतात. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं तेव्हाही वाटलं होतं की आता नाल्याचा नंबर लागेल.

हॅम्बुर्गने २०१५ मध्ये आणि कॅल्गरीने २०१८ मध्ये ऑलिम्पिक हवं का, असं लोकांना मतदानाने विचारलं. दोन्हीकडे लोकांनी नको म्हणून सांगितलं आणि दोन्ही शहरं आपापल्या कामाला लागली. आपल्याला असं कुणी विचारणार नाही. म्हणून उद्या कुणी पुढारी बेळगावात आंतरराष्ट्रीय संकुल आणतो म्हणत तुमच्या गल्लीत आला तर हार घालण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या: जमीन कुणाच्या सातबाऱ्यावरची, खर्च वाढला तर भरणार कोण, स्पर्धेनंतर ते मैदान वडगावच्या पोरांना किती भाड्याने मिळणार, आणि बळ्ळारी नाला त्याच्या आधी की नंतर. कागदावर सही होईपर्यंत सत्काराची वर्गणी देऊ नका.